चुलीवरचे कंडेन्सर

धाडकन आवाज झाला आन छपराचं कौल फुटून माझ्या पाठीवर पडलं. मी चुलीपाशी होते, दोन्ही हात नागलीच्या पिठात. पहिल्यांदा मनात आलं सिलिंडर फुटला, पण आमच्या घरात सिलिंडर कधी आलाच नाय. मंग पडवीतून पांढरा धूर आत आला, नासक्या मासळीसारखा वास आला, आन त्या धुरातून माझ्या पोरीचा आवाज आला. रडणं नाय ते. एकच लांब किंकाळी, मध्ये श्वासच नाय.

पिठाच्या हातानं तशीच पळाले. पडवीत काय दिसेना. हवेत कागदाचे बारीक तुकडे तरंगत होते, सावरीचा कापूस उडतो तसे. टेबलावर अँप्लिफायर उघडा पडलेला, त्यातून चांदीच्या कागदाची लांब पट्टी लोंबत होती. पोरीचा बाप खाली बसलेला, दोन्ही कान दाबून, गालातून रक्त. आन पोर टेबलाच्या पायाशी. तोंड ओलं, तेलकट, आन दोन्ही मुठी डोळ्यांत घालून ती घासत होती, घासत होती.

मी पोचायच्या आत सासूनं तिला उचललं. सासूला मी आत्या म्हणते. आत्यानं पोरीचं तोंड पदरात दाबून धरलं आन ओरडली, "तेल आन! खोबऱ्याचं तेल आन आधी!"

मी म्हटलं, "आत्या, पाणी! पाण्यानं धुवा!"

"पाणी लावशील तर बघ! भाजल्यावर कोणी पाणी लावतं? टरारून फोड येतील डोळ्यात!"

"भाजलं नाय हो, आतलं केमिकल उडालंय!"

"तू लय शिकलेली! तेल आन!"

मी नवऱ्याचा खांदा धरून गदागदा हलवला. "अहो, धुवायचं ना? पाण्यानंच धुवायचं ना?" तो माझ्या तोंडाकडं नुसता बघत राहिला. "काय? काय म्हनतेस? मला काय ऐकू येत नाय!" ज्याला ठाऊक होतं त्यालाच ऐकू येत नव्हतं. आन घरात पाणी होतं एक हंडा, सकाळी खालच्या विहिरीतून मी खरवडून आणलेला. मे महिना होता, टँकरचा पत्ता नव्हता.

थांबा. काय फुटलं ते आधी सांगते, नायतर मी पुढं काय केलं ते तुम्हाला कळायचं नाय.

पोरीचा बाप रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. नाशिकला एका दुकानात राहून शिकला आन लग्न झाल्यावर इकडं आमच्या पाड्यावर पडवीतच टेबल मांडलं. खोडाळ्याच्या बाजाराला जाणारे लोक वाटेवर आमच्याकडं थांबतात, खांद्यावर नागलीची पिशवी आन हातात मुका रेडिओ. मी सातवीपर्यंत शाळेत गेले, पुढं नाय. पोर पोटात होती तेव्हा माझ्यानं उभं राहवत नव्हतं, शेतावर काय उपयोग नव्हता माझा, तेव्हा मी त्याच्या टेबलापाशी बसायचे आन तो काम करता करता सांगायचा.

पहिल्यांदा त्यानं हातात दिला तो कंडेन्सर. येवढासा गोल डबा, टॉर्चच्या सेलसारखा, वर प्लॅस्टिकचं पातळ साल, खाली दोन पाय, डोक्यावर फुलीसारखी चीर. मी म्हटलं सेल आहे. तो हसला.

"सेल करंट बनवतो. हा बनवत नाय, साठवतो. आपला हंडा समज."

मंग त्यानं हंड्यावरच सगळं समजावलं. टँकर येतो तेव्हा भसाभसा येतो, नायतर थेंब नाय. पण तहान दिवसभर लागते. हंडा भरलेला असला की टँकर नसताना पण तांब्या तांब्या मिळत राहतं. तारेतला करंट तसाच, धक्क्याधक्क्यानं येतो, डोळा लवायच्या आत कितीदा चढतो आन उतरतो. रेडिओला मात्र एका धारेचा पाहिजे. कंडेन्सर चढताना भरून घेतो आन उतरताना देतो. तो म्हातारा झाला, आतून सुकला, की मधली खोट भरत नाय आन रेडिओ घुंऽऽ करतो, गाण्याच्या मागं भुंगा बसल्यासारखा. रेडिओ असो, टीव्ही असो, लग्नातला अँप्लिफायर असो, ती घुंऽऽ ऐकली की तो उघडायच्या आधीच सांगायचा, "हंडा गळतोय."

एकदा मेलेला कंडेन्सर त्यानं पकडीनं फोडून दाखवला. आत अळूवडीचा उंडा असतो तशी गुंडाळी. चांदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या, मध्ये टीपकागद, आन टीपकागद केमिकलात भिजलेला. म्हणाला, "खरी गंमत तुला दिसायची नाय. एका पट्टीवर साय आहे. दुधावर येते तशी, पण डोळ्याला दिसणार नाय इतकी पातळ. करंटला ती पलीकडं जाऊ देत नाय, म्हणून तो साठून राहतो. साय जितकी पातळ तितकं जास्त साठतं." आन ती पट्टी पण गुळगुळीत नसते, मुद्दाम खडबडीत करतात. का, तर जागा वाढते. आमच्या डोंगरउताराचं वरकस रान चढ-उतारासकट मोजलं तर सपाट शेतापेक्षा जास्त भरतं, तसं. मला ते लगेच कळलं. शाळेत मला काय लगेच कळायचं नाय, पण ते कळलं.

"आन साय एकाच बाजूनं टिकते," तो म्हणाला, आन हे सांगताना त्यानं माझं मनगट धरलं. "प्लस ते प्लस, मायनस ते मायनस. उलटा जोडला तर साय मरते, करंट सरळ आत घुसतो, केमिकल उकळतं, गॅस होतो. ही फुली त्याच्यासाठीच, फुगला की इथून फाटावा म्हणून. नाय फाटला तर अख्खा डबा गोळीसारखा उडतो." म्हणून सालावर एका बाजूला उभी पट्टी छापलेली असते. जिकडं पट्टी तिकडं मायनस. ती पट्टी बघितल्याशिवाय तो कधी पायांना सोल्डरचं डाग लावून जोडायचा नाय.

आन प्लग काढला म्हणजे सुटलो असं पण नाय. टीव्हीतला मोठा कंडेन्सर प्लग काढल्यावर पण भरलेला राहतो. नाशिकला असताना त्यानं असाच बंद टीव्हीत हात घातला होता, मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. तेव्हापासून बल्बाला दोन तारा जोडून तो आधी कंडेन्सरच्या पायांना लावायचा. बल्ब एकदा भक्कन पेटायचा आन विझायचा. "झाला रिकामा हंडा," म्हणायचा. मी पोटावर हात ठेवून बघायचे आन मला ते फार आवडायचं, खरंच सांगते. दुसरं कोणी मला असं काय दाखवलं नव्हतं. मंग मला सगळीकडं कंडेन्सरच दिसायला लागले. लग्नातल्या फोटोवाल्याचा फ्लॅश किंईई करतो ना, तेव्हा आत कंडेन्सर भरत असतो आन एका दमात सगळं ओततो. खोडाळ्याच्या चक्कीच्या मोटरीवर काळी नळी आहे, ती पण त्याच जातीची, मोटरीला पहिला धक्का देते आन बाजूला होते.

एकदा फुटक्या कंडेन्सरचं केमिकल माझ्या बोटाला लागलं तर तो माझ्यावर ओरडला, "डोळ्याला हात लावू नको! धू आधी! आन कधी डोळ्यात गेलं तर पाणी, नुसतं पाणी, थांबायचं नाय." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला ठाऊक होतं, येवढंच मला सांगायचंय. अंदाज नव्हता तो माझा.

आता चुलीवरचं.

आमच्याकडं पावसाळ्यात काय सुकं राहत नाय. भिंतीला बुरशी, गोधडीला बुरशी, चपलांवर पांढरी केसं. म्हणून जे टिकवायचं ते चुलीच्या वरच्या माळ्यावर. भाताचं बी, नागलीचं बी, सुकट, काकडीच्या बिया राखेत घोळून. खालून धूर लागतो, ऊब लागते, कीड लागत नाय. आत्याचा सगळा जीव त्या माळ्यावर. आन पोरीचा बाप जुन्या मशीनींतून काढलेले चांगले कंडेन्सर एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. पावसात त्यांच्या पायांना गंज चढायला लागला तर आत्यानं एक दिवस तो डबा उचलला आन माळ्यावर बियाण्याच्या कणगीशेजारी ठेवला. मायेनं ठेवला. पोराची वस्तू खराब होऊ नये म्हणून.

तो म्हणाला होता, "आये, त्यांना ऊब सोसत नाय."

"भाताचं बी सोसतं ते! तुझ्या डब्यांना काय धाड भरली?"

तो हसला. मी पण हसले. डबा तिथंच राहिला, दोन पावसाळे.

ऊब लागून आतलं केमिकल आटत गेलं, ते बाहेरून कोणाला दिसणार? वरचं प्लॅस्टिकचं साल आकसलं. आन काजळी अशी बसली का सगळे कंडेन्सर भाजक्या वांग्यासारखे काळे.

त्या दिवशी खालच्या पाड्यावर लग्न होतं. नवरदेवाचा मामा जीप घेऊन आला, जीपमध्ये भोंगे, तांदळाची पोती आन मागं पाण्याचा मोठा ड्रम. तिकडं पण पाणी नव्हतं, म्हणून लांबून भरून आणलेला. अँप्लिफायर घुंऽऽ करत होता. पोरीच्या बापानं उघडला आन म्हणाला कंडेन्सर गेलाय, नवा नाशिकहून यायचाय, जुन्यातला बघतो. माळ्यावरचा डबा काढला. मामा पडवीत येरझाऱ्या घालत होता.

"काय रे, कंडेन्सर शोधतोस का बायको? नवरी म्हातारी होईल तोवर!"

"झालं, मामा."

"मघापासून झालं झालं करतोस. दोनला लाईट जाते. तिकडं वरात नुसती टाळ्या वाजवत काढू का?"

पोरीच्या बापानं रॉकेलच्या फडक्यानं काजळी पुसली. काजळीबरोबर सालच निघून आलं, हातात नुसता चांदीसारखा उघडा डबा. पट्टी गेली. प्लस-मायनस तपासायचा मीटर होता पण त्यातला सेल संपलेला. त्यानं पायांवरच्या जुन्या सोल्डरकडं बघितलं, आधी कसा बसला असेल त्याचा अंदाज घेतला, आन बसवला. हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं, पीठ घ्यायला वळले.

तरी एक वाट होती. तो कुठलीही मशीन पहिल्यांदा थेट लावत नाय. मध्ये बल्ब जोडतो. आत काय चुकलं असलं तर बल्ब लख्ख पेटतो, मशीनला काय होत नाय.

"बल्बातून लावतो आधी," तो म्हणाला.

"बल्ब पेटवून काय दिवाळी करायची हाय? लाव डायरेक्ट!"

आत्या ओट्यावरून म्हणाली, "लाव रे. पाहुण्याला किती ताटकळत ठेवशील?"

मी आतून विचारलं, "पोर कुठंय?"

"हाय इथं. टेबलाला धरून उभी हाय," तो म्हणाला. नुकती उभी राहायला लागली होती. तिचं नाक बरोबर टेबलाच्या काठाला यायचं.

आन त्यानं थेट लावला. आधी किटलीसारखी शीळ ऐकू आली. मंग ते कौल माझ्या पाठीवर.

आता परत तिथंच येते. पोर आत्याच्या पदरात, तोंड दाबलेलं. बाप बहिरा. मी हंडा ओढत पडवीत आणला, हाताचं पीठ धुतलं, तांब्या भरला. आत्यानं भिंतीकडं तोंड केलं आन पोरीला पोटाशी घेऊन पाठ माझ्याकडं केली. मी पाणी फेकलं ते सगळं तिच्या पाठीवर.

"येवढं पाणी सांडतेस! संध्याकाळी पोरीला काय पाजशील, मूत?"

"आत्या, द्या तिला! आंधळी होईल!"

"तूच करशील आंधळी! हात लावू नको माझ्या नातीला!"

मी पोरीचा पाय धरून ओढला. तिनं दुसरीकडून ओढली. मध्ये पोर. ती किंचाळणं थांबून नुसती हबकून हबकून श्वास घ्यायला लागली आन मला वाटलं आमच्या दोघींच्या मध्ये ती फाटेल. मी आत्याच्या झिंज्या धरल्या, तिनं माझ्या पोटात लाथ घातली. मी परत आले. तिचा हात पोरीच्या तोंडावर घट्ट, अंगठा बाहेर. मी त्या अंगठ्याला चावले. सोडलाच नाय. दातांना हाड लागलं, तोंडात रक्ताची चव आली, तेव्हा तिनं हात सोडला.

पोरीला जमिनीवर उताणी टाकली. डोकं माझ्या दोन मांड्यांत दाबून धरलं. पापण्या उघडेनात, तिनं अशा मिटून घेतल्या होत्या का माझी बोटं घसरत होती. मी नखं घातली आन उघडल्या. पांढरं सगळं लाल. ओतलं, ओतलं, ओतलं. ती लाथा मारत होती. एक हंडा किती वेळ पुरतो? तळाला तांब्या खरडला तरी ती डोळे उघडत नव्हती, आन थांबायचं नाय, थांबायचं नाय येवढंच माझ्या डोक्यात.

मंग मला जीप दिसली. जीपमधला ड्रम.

मी पोरीला काखेत मारून धावले. स्फोटाला अंगणात पळालेला मामा पडवीच्या तोंडाशी आडवा आला. "ए बाई! ते लग्नाचं पाणी हाय! येवढ्या लोकांचा भात शिजायचाय त्यात!"

"मामा, पाया पडते."

"दुसरीकडं बघ कुठं!"

"कुठं बघू? कुठं आहे पाणी? दाखवा!"

त्यानं मला ढकललं. मी टेबलावर पडले, आन टेबलावर सोल्डरची कांडी होती, तापलेली, धूर निघत होता. मी ती प्लगसकट ओढून काढली. मामानं परत हात उगारला आन मी कांडी त्याच्या हातावर टेकवली. चर्र झालं. केस जळल्याचा वास आला. तो आईवरून शिव्या देत मागं झाला. मी जीपवर चढले, ड्रमचं झाकण फेकलं, त्यातलाच तांब्या घेतला आन पोरीच्या तोंडावर तांब्यामागून तांब्या ओतायला लागले. लग्नाचं पाणी जीपच्या फळीवरून खाली धुळीत. शेजारचे लोक गोळा झाले होते. कोणी पुढं आलं नाय. माझ्या हनुवटीला आत्याचं रक्त होतं आन हाताशी ती कांडी होती, कोण येणार?

तेवढ्यात पोरीचा बाप आला. त्याला अजून ऐकू येत नव्हतं. त्यानं ड्रमकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आन काय न विचारता वर चढला. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, अंगठ्यांनी पापण्या उघडून धरल्या, आन मला मानेनं खुणावलं, ओत. तेव्हा मला कळलं मी बरोबर करतेय. तोवर मला ठाऊक होतं, पण खात्री नव्हती. ठाऊक असणं आन खात्री असणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आन पुढचं ऐका. ज्या माणसाला मी डाग दिला तोच आधी बोलला. हातावर फुंकर मारत मामा म्हणाला, "बसा नीट. जव्हारला नेतो. लग्न गेलं उडत." भोंगे त्यानं तिथंच खाली टाकले. घाटातल्या वळणांवर जीप हेलकावत होती आन मी ओततच होते. मामा मागं न बघता एकदाच बोलला, "जरा भाताला ठेव गं, वाघिणी." मी हसले का रडले मला आठवत नाय.

जव्हारच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं, थेंब घातले, परत बघितलं. उजवा डोळा साफ आहे म्हणाले. धुतलं ते बरं केलं. मंग डाव्या डोळ्याशी वाकले. चिमट्यानं एक बारीक चांदीचा कण काढला, मला दाखवला. कंडेन्सरच्या पट्टीचा तुकडा. म्हणाले, "हा आत असताना डोळ्यावर दाब आलाय. घासला गेलाय. बुबुळावर ओरखडा आहे." मी विचारलं, "कशानं दाब आला?" ते म्हणाले, "ते आता कसं सांगणार?"

पोरीनं स्वतः मुठी घातल्या होत्या. आत्यानं पदर दाबला होता. आन नखं घालून पापण्या उघडल्या त्या मी. ते आता कोण सांगणार?

घरी आलो तर आत्या उंबऱ्यात बसलेली, अंगठ्याला फडकं गुंडाळून. पोरीच्या बापानं फडकं सोडून बघितलं. परत येऊन त्यानं माझ्या थोबाडीत दिली, माझा कान वाजला, मंग माळ्यावरचा डबा खाली ओढला आन आत्याच्या पुढ्यात आपटला. काळे कंडेन्सर सगळ्या घरात घरंगळले. "बघ! बघ तुझं बी!" तो ओरडला, आन मंग स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायला लागला, एकदा, दोनदा, थांबेचना, आम्ही दोघींनी त्याचे हात धरले. एका बाजूनं मी आन एका बाजूनं आत्या, तसल्या अंगठ्यानं.

अंगठा पुढं पिकला. बरा झाला पण वाकत नाय. नागलीची भाकर थापायला अंगठा लागतो. आत्याची भाकर आमच्या पाड्यावर सगळ्यात पातळ असायची. आता मी थापते, जाड होते, आत्या खाते आन काय बोलत नाय. बोलली ती एकदाच. मी भाकर वाढत होते. म्हणाली, "बोट लांबच ठेवते हो मी. चावऱ्या कुत्रीला वाढायला भीती नाय, तिच्या हातचं खायला भीती." मी ताट सोडून उठले. माझ्या मागून ती हळूच म्हणाली, "ते डबे टिकावे म्हणून ठेवले होते गं मी."

मला ठाऊक आहे आत्या. ते मी बोलले नाय. बोलायला पाहिजे होतं का?

विहिरीवर बायका बाजू घेऊन भांडतात. काय जणी म्हणतात सासूला चावणारी सून आमच्या घरात असती तर जित्ती पुरली असती. बाकीच्या म्हणतात पोरीची नजर वाचली ती हिच्या दातांमुळं. मी आले की नुसता बादल्यांचा आवाज मोठा होतो.

पोरीच्या बापाच्या एका कानात अजून शीळ वाजते. नवे कंडेन्सर आता चुलीपासून लांब, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवतो, आन बल्बाशिवाय काय म्हणजे काय लावत नाय, समोर कोणी का उभा असेना. मी मात्र अजून घाबरते. चुलीत बांबूचं पेर फुटलं तरी माझे हात आधी पोरीच्या डोळ्यांवर जातात. मंग आठवतं, दाबायचं नाय, आन मी हात तसेच हवेत धरून उभी राहते.

पोर आता धावते, बोलते. तिनं एक खेळ काढलाय. उजवा डोळा तळहातानं झाकते, डाव्यानं माझ्याकडं बघते आन म्हणते, "आई, धूर." हात काढते, "आई, आली." परत झाकते, "धूर." तिला हसू येतं. आत्या चुलीपाशी बसून ते बघते, मी पण बघते, आन आम्ही एकमेकींकडं बघत नाय.

म्हणून तुम्हाला विचारते, तुम्ही बाहेरचे, माझी बाजू घ्यायचं तुम्हाला काय पडलं नाय. तुमची पोर तशी किंचाळत असती, जिच्या मांडीवर ती वाढली तीच तिला सोडत नसती, सांगणाऱ्याला ऐकू येत नसतं, आन घरात पाणी एकच हंडा असतं. मी थांबले असते, आत्याला समजावत बसले असते, तर तो पदर किती वेळ दाबलेला राहिला असता? आन मी नखं घातली नसती तर पाणी आत गेलं असतं का? सांगा ना. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?